फूल पाहिजे तर फाटकातून या

आईने गुलाब लावायचं ठरवलं तेव्हा तिची एकच अट होती. "मले सेवा करून घेणारं झाड नको," ती म्हणाली. "जिंदगीभर लोकाईचीच सेवा करून राहिली मी." आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली तेव्हा दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि खाली बसून माती उकरणं तिला शक्यच नव्हतं. प्रतापनगरातल्या आमच्या घरात आता आम्ही दोघीच राहतो. मी बँकेत जाते, त्यामुळे दिवसभर झाडाचे लाड करायला कोणीच नाही.

नर्सरीवाल्याने लाल, गुलाबी, दुरंगी असे ताटलीएवढ्या फुलांचे गुलाब दाखवले. त्यांना दर आठवड्याला फवारणी, दर पंधरवड्याला खत. आईने सगळ्यांना नकार दिला आणि कोपऱ्यातलं एक बुटकं, पांढऱ्या फुलांचं झुडूप उचललं. त्याला काटे कमी होते आणि फुलं घोसाने येत होती. आम्ही ते कंपाउंडच्या भिंतीला लागून लावलं. आपल्याकडची काळी माती पावसात पाणी धरून बसते, म्हणून खड्ड्यातली निम्मी माती काढून मुरूम आणि शेणखत भरलं. एवढी एकच काय ती मेहनत.

सल्ले मात्र रग्गड मिळाले. नागपूरच्या उन्हात गुलाब टिकतो का, मे महिन्यात पापड होईल त्याचा. आणि दारात पांढरं फूल कशाला, लाल लावा, शोभून दिसेल. हा दुसरा सल्ला समोरच्या काकूंचा. आईने त्यांना हसून सांगितलं, "वहिनी, आमच्याकडे चांगल्या दिवसाले पांढरंच लागते." खरंच आहे ते. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पौर्णिमेला पांढरी साडी नेसतात आणि बुद्धमूर्तीपुढे पांढरं फूल ठेवतात.

झाड मेलं नाही. मे महिन्यात आई त्याच्या बुडाशी कडुनिंबाचा वाळला पाला जाडजूड पसरायची आणि सकाळी डाळतांदूळ धुतलेलं पाणी घालायची. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले, तर तेवढी पानं खुडून फेकली. दसऱ्यानंतर तिने कैची घेतली आणि निम्मं झाड उडवलं. मला वाटलं, गेलं हे आता. डिसेंबरात ते असं काही फुललं की पानं दिसेनात, आणि थंडी वाढली तशी कळ्यांच्या टोकांवर गुलाबी छटा चढली. मी बँकेत निघताना उगाच दोन मिनिटं जास्त उभी राहायला लागले.

आणि मग फुलं नाहीशी व्हायला लागली.

सकाळी पायांत बूट घालून फिरायला निघणाऱ्या भल्या लोकांची एक जात असते. त्यांच्या खिशात घडी केलेली प्लास्टिकची पिशवी असते. हे लोक दूध चोरणार नाहीत, पेपर चोरणार नाहीत, पण दुसऱ्याच्या कंपाउंडवरून हात घालून जास्वंद, कण्हेर, चाफा, जे हाताला लागेल ते तोडतील. हटकलं तर म्हणतील, देवासाठी आहेत. देवाचं नाव घेतलं की चोरीही पूजेत जमा! आमच्या गुलाबावर सगळ्यात जास्त हक्क होता समोरच्या काकूंचा. त्या छत्रीच्या मुठीने फांदी ओढून घ्यायच्या आणि सोमवारी महादेवासाठी घोसच्या घोस न्यायच्या.

आता या काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या आईला सिस्टर म्हणतात. त्यांचं बीपी वाढलं की आई यंत्र घेऊन त्यांच्या व्हरांड्यात जाते. त्यांच्या यजमानांना रोज इंजेक्शन लागायचं तेव्हा तेही आईच द्यायची. इंजेक्शन घेताना कोणाचा उपवास नसतो. पण आमच्या घराच्या पायरीशी आल्या की काकूंना हटकून उपवास असतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मी एकदा मुद्दाम साबुदाण्याची उसळ पुढे केली, तर म्हणाल्या, आजचा निरंकार आहे, पाणीसुद्धा चालत नाही. उरलेल्या वारी त्या घरून नुकत्याच चहा पिऊन आलेल्या असतात. आमच्या घरचा पाण्याचा घोट त्यांच्या घशाखाली कधी उतरलेला मी पाहिला नाही, आणि तो का उतरत नाही हे आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतं, याचा मला जास्त संताप येतो.

"भिंतीवर जाळी बसवू," मी आईला म्हणाले. "हिरवी जाळी. बोटसुद्धा आत जाणार नाही."

"जाळी काहून वं? आपण काय कोंबड्या पाळून राहिलो?" आई म्हणाली. तिने दुसराच उपाय काढला. पहाटे उठून ती उमललेली सगळी फुलं स्वतःच कापायला लागली. एक घोस बुद्धमूर्तीपुढे, बाकी सगळी पाण्याने भरलेल्या बादलीत. ती बादली फाटकाच्या आत, पायरीवर. फाटक सताड उघडं. शेजारी स्टीलचा जग आणि ग्लास घेऊन ती खुर्चीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "फूल पाहिजे तं फाटकातून या. पाणी प्या, फूल घ्या. पैसा नाही, काही नाही."

पहिले दोनतीन दिवस रस्ता आमच्या घरासमोर जरा जास्तच भरभर चालला. मग एक निवृत्त मास्तर आत आले, पाणी प्यायले, चहाही मागितला आणि बसून वीजबिलाला शिव्या घालून गेले. मग मागच्या गल्लीतल्या दोघी आल्या. काही जण नाही आले. त्यांची मला तोंडं पाठ आहेत. काकू छत्री घेऊन भिंतीपर्यंत आल्या, बोडकं झाड पाहिलं आणि रस्त्यावरूनच म्हणाल्या, "सिस्टर, तोडून ठेवलेली फुलं शिळी होतात हो. देवाला ताजीच लागतात."

"मंग बजारातली काय झाडासकट येतात काय, वहिनी?" आई म्हणाली.

काकू त्यानंतर बरेच दिवस फिरकल्या नाहीत. आईने दर सोमवारी एक भरगच्च घोस बादलीत बाजूला ठेवला. मी चिडायचे. तिला कशाला हवं होतं या बाईचं पाणी पिणं? मी विचारलंही. आई म्हणाली, "मले एकदा पाहाचं हाय. मरायच्या आधी एकदा." ती हसत नव्हती. तेव्हा मला कळलं की हा फुलांचा खेळ नव्हताच.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी सुटी घेऊन घरी होते. दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, काकू फाटकातून आत आल्या. हातात स्टीलचं रिकामं ताट. "उद्याचा अभिषेक आहे नं सिस्टर. पांढरी फुलं कुठंच मिळून नाही राहिली."

"या नं वहिनी, या." आई गुडघ्यांवर हात टेकत उठली, स्वतः ग्लास विसळला, भरला आणि पुढे केला.

"आज नं सिस्टर, उपवास..."

"उपवास तं उद्या हाय."

काकूंनी ग्लासाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "आत्ताच पिऊन निघाले हो घरून."

आई अगदी शांतपणे, वॉर्डात पेशंटला समजावताना बोलायची तशी म्हणाली, "वहिनी, हे फुलं पहाटपासून आमच्याच घरचं पाणी पिऊन राहिले. झाड तं लावलं तवापासून पिऊन राहिलं. तुमच्या महादेवाले ते चालते. तुमाले काहून नाही चालत?"

काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी ताट छातीशी धरलं. मला वाटलं, आता घेतील ग्लास. अजूनही कधी कधी वाटतं, एक क्षण त्यांचा हात उठलाही होता. पण त्या वळल्या आणि पदर सावरत रस्ता ओलांडून गेल्या. ताट रिकामंच होतं.

आई ग्लास हातात धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी ताडताड पायऱ्या उतरले आणि फाटकाच्या कडीला हात घातला. त्या घराकडे बघतच मी ते धाडकन लावणार होते, सगळ्या गल्लीला आवाज जाईल असं.

"राहू दे उघडं," मागून आई म्हणाली.

"आता कशाला? ती येणार आहे का परत?"

"नाही येणार." तिने ग्लास तोंडाला लावला, सगळं पाणी स्वतः प्यायली आणि पदराने तोंड पुसलं. "पण फाटक काहून लावाचं वं? आपण काय पाप केलं?"