थोरलीच्या पोटातल्या बरण्या

मातीच्या भांड्यांच्या त्या कारखान्यात भट्टी पुरुषांकडे होती आणि भरणी नऊ बायांकडे. भरणी म्हणजे तयार भांडी कागदात गुंडाळून खोक्यांत बसवायची आणि ती खोकी परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये रचायची. या नऊ जणींच्या प्रमुख बाईला सगळे गाठमावशी म्हणत. बरणीच्या झाकणावर ती सुतळीची जी गाठ मारी, ती समुद्रप्रवासात कधीही सुटली नव्हती. तीस वर्षे तिने एक नियम पाळला होता. खोके बंद केल्यावर ती त्याला कान लावी आणि दोन्ही हातांनी ते हलवी. आतून जरासा जरी आवाज आला, तरी ते खोके पुन्हा उघडून भरावे लागे.

त्या वर्षी जहाजाचे भाडे चौपट झाले. नेहमीचा जलमार्ग बंद झाल्यामुळे जहाजे लांबच्या वाटेने जात होती आणि रिकामे कंटेनर वेळेवर मिळत नव्हते. एके दिवशी मालक भरणीच्या खोलीत आले आणि टेबलाच्या कडेला उभे राहिले.

"मावशी, या ऑर्डरला दोन कंटेनर लागतात. आताच्या भाड्यात दुसरा परवडत नाही. माल एकात बसला तर भरणी तुमच्याकडे राहील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराला द्यावी लागेल. तो मशीनवर भरतो, जागा कमी लागते."

"आणि आम्ही?" गाठमावशीने विचारले.

"तेच तर सांगायला आलो."

त्या नऊ जणींत गाठमावशीची सूनही होती. घराचे भाडे दोघींच्या पगारातून जात असे.

ऑर्डर झाकणाच्या बरण्यांची होती. तीन आकार, प्रत्येकी सहाशे नग. बाया त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. गाठमावशी दुपारभर एका थोरलीकडे पाहत बसली. शेवटी तिने झाकण काढून आत कोपरापर्यंत हात घातला.

"आपण इतकी वर्षं हिच्यातून हवा पाठवतोय," ती म्हणाली, "आणि हवेचं भाडं भरतोय."

तिने धाकटी कागदात गुंडाळून मधलीत बसवली आणि मधली थोरलीत. फटींत चुरगळलेला कागद ठासला, झाकण ठेवले आणि गाठ मारली. खोके हलवले, तेव्हा आवाज आला नाही.

"धाकटीचं बरं आहे," एक बाई म्हणाली. "थोरलीच्या पोटात बसून फुकट परदेश बघणार."

"तुझ्या थोरल्या जाऊबाईंना सांग, तुलाही नेतील," दुसरी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसणे ऐकू आले.

सुनेने मात्र हातातले काम थांबवले. "आई, खोक्यावर तसं लिहायला नको का? आत अजून दोन आहेत म्हणून?"

"बरणी घरात आणल्यावर झाकण न उघडता कोणी ठेवतं का? धुवायला तरी उघडतीलच की," सासू म्हणाली. सुनेने पुढची बरणी उचलली.

सगळा माल एका कंटेनरमध्ये बसला. दार लावताना हमालाला खांदा लावावा लागला, पण बसला. कारकुनाने नेहमीप्रमाणे यादी केली: तीन आकार, प्रत्येकी सहाशे. माल कशात काय ठेवून भरला आहे, हे त्याने विचारले नाही आणि त्याला कोणी सांगितलेही नाही.

जहाज पस्तीस दिवसांत पोहोचायचे होते. पन्नास दिवस झाले, साठ झाले. गाठमावशी रोज जेवणाच्या सुट्टीत कारकुनाच्या खिडकीशी जाई.

"कुठवर आलं?"

"बंदराबाहेर उभं आहे, मावशी. आत घेत नाहीत. पुढे बावीस जहाजं आहेत."

"दवाखान्यासारखं आहे म्हणजे. नंबर तरी लावलाय ना?"

"लावलाय. पण तिथे कंपाउंडरच ओळखीचा नाही."

एक्याऐंशीव्या दिवशी माल उतरला. त्यानंतर आठवड्याने मालकांनी गाठमावशीला ऑफिसात बोलावले. ठेकेदार तिथे आधीच खुर्चीवर बसला होता.

"मावशी, माल कमी गेला," मालक म्हणाले. "तिकडच्या गिऱ्हाइकाला फक्त मोठ्या बरण्या मिळाल्या. मधल्या नाहीत, लहान नाहीत. बाराशे नग गायब. ते म्हणतात, आता पुढची ऑर्डर नाही."

"उशीर एवढा झाला की वाटेत काहीही होऊ शकतं," ठेकेदार म्हणाला. "आमच्याकडे प्रत्येक खोक्याचा फोटो असतो."

गाठमावशीने त्याच्याकडे पाहिले नाही. तिला सुनेचा प्रश्न आठवला. "साहेब, त्यांनी झाकणं उघडली का?"

"झाकणं कशाला उघडतील? बरणी तडकली नाही, गाठ जागच्या जागी आहे, मग ते तशीच फळीवर ठेवतात. हलवूनसुद्धा बघितली म्हणे. काही आवाज नाही."

गाठमावशीने एक तरी झाकण उघडायला सांगा म्हटले, तेव्हा मालकांनी फोन लावला. पडद्यावर एक गोदाम दिसले आणि निळी टोपी घातलेला एक माणूस दिसला. त्याला गाठ सुटेना. शेवटी त्याने सुतळी कापली, झाकण काढले, कागद उपसला आणि तो थांबला. मग त्याने आतून मधली काढली. मधलीचे झाकण काढल्यावर तो काहीतरी बोलला आणि मागे वळून कोणालातरी हाक मारू लागला.

"काय म्हणतो?" गाठमावशीने विचारले.

"विचारतोय, धाकटीतही काही आहे का," मालक म्हणाले. त्यांनी बायांचाच शब्द वापरला होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

छत्तीस थोरल्या मात्र तोपर्यंत दुकानांतून लोकांच्या घरी गेल्या होत्या. त्यांच्या पोटातल्या बहात्तर बरण्यांचे पैसे मालकांनी सोडून दिले. ती रक्कम दुसऱ्या कंटेनरच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी होती. भरणी आता आपल्याला मिळत नाही हे ओळखून ठेकेदाराने आपली चहाची कपबशी बाजूला सारली आणि तो निघून गेला.

"ते पुढची ऑर्डर देतायत. भरणी तुमच्याकडेच राहील," मालक म्हणाले. "पण असं न कळवता पुन्हा नको."

गाठमावशी खोलीत परतली आणि सगळ्यांच्या देखत सुनेला म्हणाली, "तू विचारलंस ते बरोबर होतं. चूक माझी झाली. तीस वर्षं मी खोकी फक्त बंद होताना पाहिली. उघडताना एकदाही पाहिलं नाही."

सून म्हणाली, "मग उघडून बघू या."

पुढच्या मालाच्या वेळी जहाजाचे भाडे उतरले नव्हते. धाकटीच्या गळ्याला सुनेने लाल कापडाची पट्टी बांधली. ती मधलीच्या झाकणाखालून आणि मग थोरलीच्या झाकणाखालून बाहेर काढली. तिचे वीतभर टोक बाहेर लोंबत ठेवले. गाठमावशीने भरलेले एक खोके फाटकावरच्या पहारेकऱ्यापुढे ठेवले. त्याने भरणी कधी पाहिली नव्हती आणि त्याला काही सांगायचे नाही, असे तिने सगळ्यांना बजावले होते.

पहारेकऱ्याने खोके उघडले. बरणी वर काढली, उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली. नऊ बाया त्याच्या हातांकडे बघत होत्या. मग त्याने लाल पट्टी चिमटीत धरून जरा ओढली.

"ही आतून आली आहे," तो म्हणाला. "आत काही राहिलं आहे का, मावशी?"

"आहे," गाठमावशी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "भरा आता."