जाहिरातीतली विहीर

आमच्या घराण्यात कुणाचा फोटो पासपोर्टपेक्षा मोठा निघाला नव्हता. माझा निघाला, खोलीच्या भिंतीएवढा, अन् तोही सरकारी खर्चानं. भोकरदनच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यात मी कमरेवर घागर घेऊन हसून राह्यले, मागं आमच्या विहिरीत पाणी लखलखतंय, अन् वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की या गावाची तहान भागली. फ्लेक्स तेव्हा नवीनच निघाले होते. लोक थांबून बघायचे.

आता खरं सांगते. हसनाबादच्या पलीकडं आमचं गाव. त्या उन्हाळ्यात विहीर पार तळाला गेलेली. टँकर यायचा अन् सगळं पाणी विहिरीतच ओतायचा, मग आम्ही बाया दोर-बादल्या घेऊन तुटून पडायचो. थोड्या वेळात परत चिखल. अशात निरोप आला की पाण्याच्या योजनेच्या जाहिरातीसाठी फोटो काढायला माणसं येणार. गावच्या म्हाताऱ्यांनी पारावर बसून ठरवलं, पाव्हण्यांना रिकामी विहीर दाखवायची नाही, गावाची अब्रू जाते. म्हणून आदल्या दिवशीच्या टँकरला कुणालाच हात लावू दिला नाही. पोरं पाणी पाणी करत होती अन् आम्ही दिवाळीची लुगडी नेसून विहिरीवर उभ्या. घरात घोटभर पाणी नव्हतं, पण फोटोवाल्यांना चहा पाजला. याला म्हणावं तरी काय, सांगा.

फ्लेक्स लागला अन् टँकर बंद झाला. तहान भागलेल्या गावाला टँकर कशाला?

माझे मालक अन् दीर दोघंही जालन्याला सळयांच्या कारखान्यात होते. घरी मी, सासू अन् धाकटी जाऊ. जावेचे दिवस भरत आलेले. विहिरीला निम्म्यापर्यंत पायऱ्या, खाली नुसत्या कपारी. कपारीत पाय देत तळाला उतरायचं अन् वाटीनं पाणी खरडून बादलीत भरायचं. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच, कारण ती अंगानं हलकी अन् पायानं पक्की. आता पोट पुढं आलं तरी बाईसाहेब ऐकायला तयार नाहीत. एकदा तिचा पाय सटकला, ते मी वरून पाहिलं. तेव्हापासून मी स्वतः उतरायचे, पण माझं धूड कपारीत मावत नव्हतं. टँकर परत सुरू झाला नाही तर ही पोरगी माझा डोळा चुकवून खाली जाणार, हे मला दिसत होतं. एका सकाळी तिला दम देऊन मी जीपनं तालुक्याला गेले.

कचेरीतल्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग टेबलावरचा पेपर माझ्यासमोर सरकवला. तीच जाहिरात, अख्खं पान. "ही तुम्हीच ना, बाई?"

मी म्हणाले, "मीच. अन् ते पाणी तुमच्याच टँकरचं व्हतं."

ते त्यांना ठाऊक होतं, चेहऱ्यावरच दिसलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी आवाज खाली करून सांगितलं की जाहिरात वरपर्यंत गेलीय, थोड्याच दिवसांत मंत्रीसाहेब गावाला भेट देणार आहेत, अशात टँकर पाठवला तर आपलीच मान अडकेल. शिवाय डिझेलला पैसा शिल्लक नाही. मी विचारलं, मग पानभर फोटो छापायला कुठून आला? तर म्हणे प्रसिद्धीचं खातं वेगळं अन् पाण्याचं वेगळं, इकडचं तिकडं करता येत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काडीपेटी घेते त्यातसुद्धा सरकारचा कर असतो. म्हणजे माझ्याच पैशानं माझं थोबाड रंगवलं अन् त्याच थोबाडाकडं बोट दाखवून माझं पाणी तोडलं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं तर दळणाऱ्याचे डोळेही उघडे होते.

मी उठले. म्हणाले, आता मी त्या पाटीखाली जाऊन उभी राहते.

बाजाराचा दिवस होता. समोरच्या भांडेवाल्याकडून घागर मागून घेतली अन् फ्लेक्सखाली उलटी धरून उभी राहिले. आधी लाज वाटली, फार वाटली. मग एकानं वर पाहिलं, खाली पाहिलं, दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. बघता बघता रस्ता अडला. मी कुणाला काही बोलले नाही, जे विचारतील त्यांना फक्त घागर दाखवली. शेवटी कचेरीतला शिपाई धावत आला, टँकर भरून निघालाय, त्यातच बसून गावाला जा म्हणाला. मी घागर परत केली अन् टँकरमधे चढले.

ड्रायव्हर वाटेत नुसता गाडी हाणत होता. गाव दुपारचं सामसूम. त्यानं टँकर मागं घेत विहिरीला लावला, पाईप आत सोडला अन् कॉक उघडला. मी दुसऱ्या बाजूनं गाडीतून खाली उतरले, तर पायऱ्यांच्या तोंडाशी जावेच्या चपला.

मी ओरडले. पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. दोन्ही हातांनी पाईप ओढला, तो उसळला अन् मला आडवं पाडून जमिनीवर पाणी ओकू लागला. ड्रायव्हरनं मला पाहिलं, धावत जाऊन कॉक बंद केला. मी काठावर पालथी पडून हाक मारली. काहीच नाही. परत मारली. मग खालून खोकल्याचा आवाज आला.

ती कपारीला पाठ लावून, दोन्ही हात पोटावर धरून बसलेली होती. आवाज ऐकून आलेल्या बाया खाली उतरल्या अन् तिला धरून आधी कपारीतून अन् मग पायरी पायरीनं वर आणली. भर दुपारी विहिरीवर कुणी नसतं, झिरपलेलं पाणी बिनभांडणाचं मिळतं, म्हणून गेली होती. मी तिला छातीशी धरलं, आधी रडले अन् मग शिव्या दिल्या.

ड्रायव्हर चाकाशी मटकन बसला. म्हणाला, "ताई, चुकलं माझं. वरून सांगितल्तं, कुणाला दिसायच्या आत वतून ये म्हणून."

जाऊ ओल्या पदरानं तोंड पुसत होती. त्याच्याकडं पाहत सावकाश म्हणाली, "मंग बराबर केलं, दादा. मी बी कुणाला दिसले न्हाई."