दिवा आधीच लागला

"बटण लाव म्हणजे लाव," माझा बॉस फ्रँक म्हणाला. "पार्टीवाल्यांना हवंय."

"कशाला? बोर्ड स्वतः मोजतो की!"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरची इंजिनीअर, अमेरिकेत स्कोअरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत. त्या उन्हाळ्यात एका पार्टीचं कन्व्हेन्शन होतं, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं अधिवेशन. एकेका राज्याच्या प्रतिनिधींचा प्रमुख माइकवर मतं सांगणार, बोर्ड बेरीज करणार. निम्म्याच्या वर एक मत गेलं की मोठा दिवा लागणार.

'ठरवायचं' म्हणायचं आपलं. पूर्वी म्हणे खरंच ठरायचं. प्रतिनिधी दिवसचे दिवस भांडायचे, फेऱ्यांवर फेऱ्या व्हायच्या, सिगारच्या धुरात सौदे व्हायचे आणि भलताच कुणी उमेदवार होऊन बाहेर यायचा. मग राज्याराज्यांत आधीच मतदान घ्यायची पद्धत रुळली. आता नवरा कधीच ठरलेला असतो. इथे नुसत्या अक्षता टाकायच्या. त्यालाही चार दिवस!

ठरायचं एकच उरलं होतं: दिवा कुणाच्या मतांवर लागणार? तो मान उमेदवाराच्या राज्याचा. म्हणून आधीच्या काही राज्यांनी 'पास' म्हणायचं, म्हणजे आपली मतं मागे ठेवायची, अशी यादी घेऊन पार्टीचा माणूस आला होता. शिवाय दिव्याला हाताचं बटण हवं, म्हणाला.

"यादीप्रमाणे झालं तर दिवा वेळेवरच लागेल," मी म्हटलं.

"आणि नाही झालं तर?"

"तर खरं तेच दाखवेल."

फ्रँकने टेबलाखालून लाथ मारली. माझ्या ग्रीन कार्डचे कागद सहीसाठी त्याच्याकडेच पडले होते. तरी मी बटण लावलं नाही. अक्कल पाजळली, दुसरं काय!

मतदानाच्या दिवशी 'पास' म्हणायला एक आजोबा माइकवर आले. आपल्या राज्याचे डोंगर, मका, पोरीबाळी यांचं गुणगान करता करता असे रंगले की सगळी मतं देऊन बसले. दिवा लागला. हॉल नाचायला लागला. उमेदवाराच्या राज्याचा प्रमुख भाषणाचा कागद धरून तसाच उभा. तोंड बघण्यासारखं झालं होतं बिचाऱ्याचं.

पार्टीचा माणूस धावत आला. "बंद कर तो!"

"आकडा सगळ्यांनी ऐकलाय."

"टीव्हीवर जाहिराती चालू आहेत. कुणी पाहिलेलं नाही!"

मी हात बांधून उभी राहिले. प्लग त्यानेच उपटला. 'बोर्डात बिघाड आहे,' अशी घोषणा झाली. आजोबांनी मुकाट्याने 'पास' म्हटलं. आमच्या ऑपरेटरने आधीचे आकडे पुन्हा भरले, जाहिराती संपल्या आणि दिवा मुहूर्तावर लागला. हॉल पुन्हा नाचला, तेवढ्याच आनंदाने.

दुसऱ्या दिवशी फ्रँकने रिपोर्ट पुढे सरकवला. 'बोर्डात बिघाड.' खाली माझं नाव, सहीपुरती जागा. शेजारी ग्रीन कार्डचे कागद. त्याने पेन तेवढं दिलं.

मी सही केली. मग त्याने माझ्या कागदांवर केली. मुकाट्याने 'पास' म्हणणाऱ्या त्या आजोबांना मी आदल्या दिवशी पोट धरून हसले होते. याची लाज अजून वाटते.

धडा? पुढच्या बोर्डाला बटण मीच लावलं. त्यानंतर आमच्या बोर्डात कधी बिघाड झाला नाही.