काट्याचं की बिनकाट्याचं

दुपारी जेवून मी खिडकीशी आडवी होते. झोप येत नाही, नुसते डोळे मिटतात. ढग इतका खाली उतरलाय की समोरची सिल्व्हर ओकची झाडं घटकेत दिसतात, घटकेत नाहीत. पाचगणीला आल्यापासून दुपार अशीच जाते. पद्मावन्सं गेल्यावर सांगलीचं घर खायला उठलं, म्हणून ते विकून इथं दोन खोल्या घेतल्या. आता या दोन खोल्याही तोंड उघडायला लागल्यात.

पद्मावन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली. आमचे हे गेले आणि घरात आम्ही दोघीच राहिलो. राहिलो म्हणजे भांडलो. आमटीत गूळ किती इथपासून पंखा कितीवर ठेवायचा इथपर्यंत. गेल्या दिवाळीनंतर त्याही गेल्या.

सकाळी नर्सरीत गेले होते, खिडकीच्या कट्ट्यासाठी छोटासा फुलणारा कॅक्टस बघायला. माझं काही ठरेना. एकाही कुंडीला हात न लावता परत आले. मिटल्या डोळ्यांपुढं आता नर्सरीतलं तेच टेबल आहे, तशाच कुंड्यांच्या रांगा, आणि रांगेच्या टोकाला कापडी पिशवी घेऊन वन्सं उभ्या आहेत.

मला नवल वाटत नाही.

"उशीर केलात," मी म्हणते.

"चढ केवढा आहे! कुठं येऊन राहिलीस गं कुमुद?"

त्या वांगी निवडावीत तशा कुंड्या निवडायला लागतात. उचलायची, रोपाचं बूड दाबून बघायचं, मऊ लागलं की बाजूला. एका हिरव्या गोळ्यावर मोठं गुलाबी फूल आहे. वन्सं ते चिमटीत धरून सरळ उपटतात.

"चिकटवलंय मेल्यांनी. वाळकं फूल, वर गोंद. तू नेमकं हेच घेतलं असतंस."

"घेतलं असतं," मी म्हणते. खोटं कशाला बोला?

"आणि हा खांबासारखा नको. याला ऊन लागणार. तुझ्याकडं ऊन कुठंय? ढगात नुसता लांबत जाईल आणि मान टाकेल. हा बुटका जगेल बघ. गारवा चालतो याला. कळ्या बघ कशा डोक्याभोवती आल्यात, गजरा माळल्यासारख्या. पण काटे फार." त्या तो खाली ठेवतात. "त्यापेक्षा हा घे. चपट्या पानांचा. थंडीत फुलतो, ढगाची याला पर्वा नाही. आणि एक काटा नाही अंगाला."

टेबल आता सांगलीचा ओटा झालंय. नळ ठिबकतोय. मिसळणाच्या डब्यावर वन्संचा चष्मा आहे.

"मला बुटकाच हवाय."

"घरात काट्याचं झाड नको. कितीदा सांगितलंय, भांडणं होतात."

जन्मभर हेच सांगितलं त्यांनी. एकदा मी हौसेनं आणलेला कॅक्टस परस्पर दूधवाल्याला देऊन टाकला होता. त्यावरून आमचा आठवडाभर अबोला.

"कुणाशी?" मी विचारते.

"काय कुणाशी?"

"भांडणं. कुणाशी होणार, वन्सं?"

नळ ठिबकायचा थांबतो.

"मला फार एकटं वाटतं हो," मी म्हणते. "तू चुकलीस असं म्हणायलाही कुणी नाही. आमटी बिघडते, मी गुपचूप खाते."

"म्हणून काटे हवेत?"

"हो."

"वेडी आहेस."

पण त्या बुटका उचलतात आणि माझ्या ओंजळीत ठेवतात. आम्ही इथल्याच खिडकीशी उभ्या आहोत. काचेपलीकडं रस्ता नाही, झाडं नाहीत, नुसतं पांढरं.

"नीट धर. आणि सारखं पाणी घालत बसू नकोस, तुझा हात सढळ. हिवाळ्यात तहानलेला ठेवलास तरच फुलेल."

"तुम्ही राहा ना इथंच. जागा आहे."

"कुठली जागा? ओटा केवढासा तुझा. दोघी मावायच्या नाहीत."

त्या पिशवी खांद्याला लावतात. मी त्यांचा पदर धरायला जाते, पण हात मोकळा नाही. म्हणून कुंडीच घट्ट आवळते.

जाग येते. ढग काचेला टेकलाय. कट्टा रिकामा आहे. उजव्या अंगठ्यात मात्र एक काटा आहे, पांढरा, केसाएवढा, आणि भोवती लाल झालंय.

मी तो काढत नाही. उठून कट्ट्यापाशी जाते आणि मोठ्यानं म्हणते, "वन्सं, सांगून ठेवते, उद्या दोन आणणार आहे. दोन्ही काट्यांचे."

आणि वाट बघते. एवढं ऐकून त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या.