आंबा म्हणजे काय, ते कळवावे

जानेवारीतल्या एका मंगळवारी चाचा गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, टेम्पोवर पाणी मारलं, पायरीवर बसले आणि उठले नाहीत. मी वाचनालय उघडत होते, तेव्हा चाचींचा फोन आला.

सबंध महाडात गुपित सांभाळायला चाचांइतका नालायक माणूस झाला नाही. डॉक्टरांनी केबिनचं दार लावून, आवाज खाली करून त्यांना साखर असल्याचं सांगितलं, तर बाहेर येऊन त्यांनी ते बाकावरच्या प्रत्येक पेशंटला वेगवेगळं सांगितलं. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की मुलीच्या मामाच्या आधी ते चाचांना कळायचं, आणि चाचांना कळलं की बाजारपेठेला कळायचं. अशा माणसाने आयुष्यात एकच गुपित सांभाळायचं ठरवलं. ते त्यांनी इतकं वाईट सांभाळलं की शेवटी दोन तालुक्यांतल्या माणसांना हातभार लावावा लागला.

चाचा माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा आणि त्यांची तीन हापूसची झाडं. तरुणपणी ते कुवेतला गेले आणि तिथे पंचवीस वर्षं क्रेन चालवली. एका शुक्रवारी तिथल्या बाजारात कुठल्याशा संस्थेने टेबल मांडलं होतं. दूरच्या गरीब देशातल्या एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचला, असा बोर्ड होता. चाचांना स्वतःला सातवीनंतर शाळा मिळाली नव्हती. त्यांनी फॉर्म भरला आणि आपला मुलगा आफ्रिकेत कुठेतरी शिकतो आहे, असं दोन महिने खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं. मग पाकीट आलं. आत दोन वेण्या, लाल रिबिनी आणि चपचपीत तेल घातलेल्या एका मुलीचा फोटो होता. नाव साक्षी, इयत्ता तिसरी, तालुका पोलादपूर.

चाचांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगो, माझी पोरगी पोलादपूरची निघाली!"

चाची म्हणाल्या, "मग कुवेतला कशाला गेलात? पोलादपूरला एसटी जाते."

आपला मुलूख गरीब देशात मोडतो हे आपल्याला कुवेतमध्ये कळलं, याचा चाचांना बरेच दिवस राग होता. पण खरी अडचण पुढे आली. संस्थेचे नियम कडक होते. मदत करणाऱ्याने नाव सांगायचं नाही, नुसतं 'अंकल' अशी सही करायची. पत्रं ऑफिसामार्फतच पाठवायची. आणि मुलाला भेटायला जायचं नाही. गेलं तर फाईल बंद होणार आणि मूल पुन्हा यादीच्या शेवटी जाणार. कुवेतमध्ये असताना हे सगळं सोपं होतं. साक्षी पाचवीत गेली आणि चाचा कायमचे महाडला परत आले. साक्षीची वाडी उमरठच्या अलीकडे, आमच्यापासून जेमतेम दीड तासावर. ही योजना परदेशातल्या लोकांसाठी आहे, आपण परत आल्याचं कळलं तर पोरीची शाळा जाईल, अशी भीती त्यांच्या मनात बसली. म्हणून ते महाडात राहून परदेशी झाले.

त्यांचं परदेशीपण पाहण्यासारखं होतं. महिन्यातून एकदा दुपारी ते गडग्यापलीकडून हाक मारायचे, "बाई, कागद घ्या." मी इंग्रजीत लिहायची आणि ते मराठीत सांगायचे. पहिल्याच पत्रात त्यांनी सांगितलं, "लिहा, तुमच्याकडे आंबा नावाचं फळ होतं असं ऐकतो. आंबा म्हणजे काय, ते कळवावे."

"चाचा, तुमच्या डोक्यावर कैऱ्या लोंबतायत."

"लोंबू द्या. मी परदेशी आहे."

हे पत्र मग कुवेतला जायचं. आमच्याकडून कोणीही आखातात निघाला की त्याच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचं असतं: कुणाच्या भावासाठी पापड, कुणाच्या जावयासाठी सुकट, कुणासाठी लोणच्याची बरणी. त्या सामानात चाचांचं पत्र सरकवलेलं असे. कुवेतला त्यांचा भाचा ते पोस्टात टाकी. तिथून ते मुंबईच्या ऑफिसात आणि तिथून पोलादपूरला जाई. उत्तर याच वाटेने उलटं येई. एवढ्या वेळात माणूस वाडीला चालत जाऊन, जेवून, झोपून परत आला असता.

साक्षीचं उत्तर आलं की त्याला दोन कागद असत: तिच्या हातचं मराठी आणि ऑफिसाने केलेलं इंग्रजी. चाचा मराठी कागदावर बशी उपडी ठेवायचे. आधी मी इंग्रजी वाचायचं, त्याचं मराठी करून सांगायचं आणि मगच बशी उचलायची. नियम म्हणजे नियम. "आंबा पिवळा असतो. त्यात बाठा असतो. रस शर्टावर पडला तर आई मारते," असं पोरीने लिहिलं होतं. चाचा इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी बाजारात आंबेवालीला आंबा समजावून सांगत उभे होते. एका पावसाळ्यात तिने लिहिलं, "आमच्या इथे आंबेनळी घाटात दरड येते. दरड म्हणजे डोंगराला रस्त्यावर यावंसं वाटतं." ते वाचल्यापासून घाट बंद झाला की चाचा म्हणायचे, "डोंगराला वाटलं असेल."

ही पत्रं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असत. एका वर्षी सावित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा चाचांनी पहिल्या फेरीत डबा माडीवर नेला, दुसऱ्या फेरीत टेम्पोचे कागद आणि तिसऱ्या फेरीत चाचींना. चाचींनी हे मला जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा त्यांची फेरी एकेकाने मागे गेली. शेवटी शेवटी त्यांच्या आधी कोंबड्यासुद्धा वर गेल्या होत्या.

पण नुसत्या पत्रांवर चाचांचं भागेना. एक दिवस गॉगल आणि टोपी घालून त्यांनी टेम्पो काढला. वाडीवर गॉगल घालून येणारा माणूस फक्त जमीन बघायला येतो, हे त्यांना सुचलं नाही. साक्षीची आजी ओटीवर बसली होती. ती म्हणाली, "आमाला जमीन नाय इकायची. च्या पिऊन जा." साक्षी शाळेत गेली होती. चाचा चहा पिऊन परत आले. पुढच्या खेपेला त्यांनी टेम्पोत प्लास्टिकच्या बालद्या भरल्या. आजीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मागल्या टायमाला जमीन घ्यायला आलावतास, आता बालद्या इकतोस? धंदा बुडाला काय रे बाबा?" चाचा हो म्हणाले. आजीला इतकं वाईट वाटलं की तिने त्यांना जेवायला घातलं आणि येताना कोकमं बांधून दिली. त्या दिवशी साक्षी दप्तर घेऊन अंगणात आली, एक हिरवी बालदी उचलून पाहिली आणि म्हणाली, "हिची कडी ढिली हाय." हे वाक्य चाचांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं. "बघितलंत, बाई? कशी पारख आहे!"

अशी सहा वर्षं गेली. आणि दहावीचा निकाल लागल्यावर जे पत्र आलं, ते मी वाचून दाखवलं तरी चाचांनी बशी उचलली नाही. साक्षीने लिहिलं होतं की मार्क चांगले पडले, पण बाबा म्हणतात आता पुरे. कॉलेज महाडला, येण्याजाण्यात दिवस जाणार, आणि मुंबईच्या आत्याला घरात मदतीला कोणीतरी हवं आहे. शेवटी तिने विचारलं होतं, "अंकल, तुमच्या देशात मुली अकरावीला जातात का?"

"उत्तर लिहू?" मी विचारलं.

"उत्तर कुवेतवरून येईपर्यंत पोरगी मुंबईला भांडी घासत असेल."

"पण तुम्ही गेलात तर फाईल..."

"मी कुठे जातोय? बालदीवाला जाईल."

त्या दिवशी त्यांनी गॉगल घेतला नाही. मला मात्र टेम्पोत बसवलं. का, ते वाडीवर पोचल्यावर कळलं. साक्षीचे बाबा नुकतेच शेतावरून आले होते. चाचांनी एका दमात सांगून टाकलं की पोरीला अकरावीला घाला, या बाई वाचनालयात असतात, यांच्या घरी मागची खोली रिकामी आहे, तिथे ती राहील. माझी खोली मोकळी आहे हे खरं होतं. ती मी देणार आहे, हे मला तिथे कळलं.

बाबांनी चाचांकडे पाहिलं. "पन तुमी कोन?"

चाचांनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर फाईल जाणार, खोटं सांगितलं तर पोरगी. "मी बालद्या विकतो," ते म्हणाले.

"बालद्या इकनाऱ्याच्या सांगन्यावरून मी पोरीला धाडू?"

तेव्हा आजी ओटीवरून खाली उतरली. "धाड रे. ह्यो मानूस सा वरसं येतोय. जमीन घेतलान नाय, बालदी इकलान नाय. येतो नि पोरीच्या साळंचं इचारून जातो. कोन हाय तां इचारू नको. इचारलंस तर त्याला सांगावं लागंल."

बाबांनी हातातला विळा ओटीच्या कडेला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "खोलीला खिडकी हाय काय?"

"दोन आहेत," मी म्हणाले. परतीच्या वाटेवर चाचा पोलादपूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हा एक विक्रमच होता.

साक्षी माझ्याकडे राहायला आली आणि दुपारी चाचींकडे जेवू लागली. चाचा तिला गडग्यापलीकडून रोज विचारायचे, "काय गो, अभ्यास झाला?" आणि महिन्यातून एकदा ती मागच्या खोलीत बसून परदेशी अंकलना पत्र लिहायची. ते पत्र मुंबई आणि कुवेत करून, कुणाच्या तरी खजुरांबरोबर, पंधरा पावलांवरच्या घरी पोचायचं. चाचा ते घेऊन माझ्याकडे वाचायला यायचे. तेव्हा साक्षी पुस्तक उचलून मागच्या दारी जायची. या विषयावर ती दोघं कधी एक शब्दही बोलली नाहीत.

चाचांना जाऊन महिना झाला असेल, तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आलेला एकजण खजुरांचा डबा आणि पाकीट देऊन गेला. दार साक्षीनेच उघडलं. तिचंच अक्षर, डिसेंबरातलं पत्र. आम्ही दोघी ते घेऊन चाचींकडे गेलो. चाचींनी मराठी कागद काढून घेतला आणि त्यावर बशी ठेवली. "आधी इंग्रजी," त्या म्हणाल्या. मी वाचलं, मराठी करून सांगितलं. मग साक्षीने बशी उचलली आणि स्वतःचं पत्र स्वतः वाचलं.

"प्रिय अंकल, आमच्या शेजारी एक चाचा राहतात. त्यांच्या आंब्यांना यंदा मोहोर कमी आहे. ते रोज सकाळी झाडाखाली उभे राहून वर बघतात. तुम्ही इथे असता तर तुमची त्यांच्याशी दोस्ती झाली असती. त्यांना आंब्यातलं सगळं कळतं."

चाची उठून आत गेल्या. मी साक्षीला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पाचवीत. पत्राला सुकटीचा वास आला. आजीने कागद हुंगला नि म्हणाली, ह्यो अंकल महाडच्या बाजारातला हाय." तिने कागदाची घडी घातली. "मग बालद्या आल्या."

चाची बाहेर आल्या त्या कोरा कागद घेऊन. "बाई, लिहा."

"काय लिहू?"

"तेच. आंबा म्हणजे काय."

खाली 'अंकल' अशी सही होऊन ते पत्र एकाच्या बॅगेतून कुवेतला गेलं आहे. फाईल चालू आहे. पत्रांचा डबा माझ्या कपाटावर आहे. साक्षी बारावीला आहे आणि पहाटे उठून मागच्या खोलीत अभ्यास करते.