झेड ड्राइव्हवरचा निसार

निसार गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानेच काढलेल्या फोटोंवर काम करत होतो, घोडेगावच्या एका लग्नाच्या अल्बमवर. उरलेले फोटो काढायला तो सकाळी तिकडे गेला होता. मांडवातच छातीत कळ आली… दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

कोल्हारात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. त्याचा फोटो स्टुडिओ, माझं पत्रिका आणि बॅनर छापायचं दुकान. पेनड्राइव्ह घेऊन सारख्या खेपा घालायला कंटाळून त्याने एकदा भिंतीला भोक पाडलं, वायर ओढली आणि त्याच्या फोटोंचं फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिलं. वर स्वतःचं नाव टाकलं, ‘निसार’. म्हणाला, “दिसंल तुझ्याकडं, पन हाय माझ्याकडं. माझं मशीन बंद, तर तुझं झेडबी बंद, नावावर लाल फुली.” मग रोज सकाळी मी भिंतीवर थाप मारून ओरडायचो, “निसार, मशीन लाव!” पलीकडून आवाज यायचा, “लावतो रं, च्या तर पिऊ दे.”

गावात कुणी गेलं की श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी लोक माझ्याकडे यायचे. मी झेड उघडायचो. सगळ्या गावाचे चेहरे तिथे होते. निसारचा बॅनरही मी त्यातूनच केला. त्या दिवशी त्याचं मशीन त्याच्या भावाने लावलं होतं.

पुढे भावाने गाळा रिकामा केला आणि सामान विकलं. मला कळलं तोवर कॉम्प्युटर नगरला पोचला होता. घेणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “सगळं पुसून नवीन सिस्टीम टाकली हो. जुनं काय न्हाई राहिलं.”

चाळिसाव्यानंतर निसारच्या पत्नी शबानावहिनी आल्या. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा, तिला खांद्यावर घेतलेला निसारचा फोटो त्यांना हवा होता.

“भाऊ, तुमच्याकडं दिसायचे ना सगळे फोटो?”

“दिसायचे, वहिनी… पण इथे नव्हते.”

त्यांना ते पटेना. “उघडून तर बघा.” मी क्लिक केलं. बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं. वहिनी पदर तोंडाशी धरून वाट पाहत होत्या. मग ड्राइव्ह सापडत नसल्याचा संदेश आला. मी तो ड्राइव्हच काढून टाकायला गेलो, तर त्यांनी हात आडवा केला.

“ऱ्हाऊ द्या. नाव तरी दिसतंय.”

त्या नावावर एक बारीक लाल फुली होती. ती कशाची, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.