अण्णांना शिट्टी ऐकू आली नाही

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा उस्मानाबादेहून जी पोलीस मंडळी इकडे आली, त्यांत हत्यारांची देखभाल करणारे हवालदार वीरभद्र होते. माणूस जळकोटकडचा, कपाळी विभूती, बोलणं मोजकं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुढं दुष्काळ पडला आणि त्याच उन्हाळ्यात मुख्यालयात नव्या कार्बाइन, आखूड नळीच्या बंदुका, आल्या. शिपायांच्या हाती देण्याआधी प्रत्येक चालवून बघायचं काम अण्णांचं.

थ्री-नॉट-थ्री रायफलच्या धक्क्यांनी खांदा सोलून निघालेल्या अण्णांना हे हत्यार बघताक्षणी आवडलं. दस्ता खाली दुमडायचा, गोळ्यांचं मॅगझिन डाव्या बाजूनं आडवं बसायचं. अंगठ्याशी खटका: बंद, एकेक, नाहीतर सलग.

"मॅगझिनला लोंबकळू नका रे," ते शिपायांना बजावत. "नळीवरची जाळी धरा. न्हाईतर गोळी अडकून बसंल."

एक गोष्ट मात्र त्यांनी झाकून ठेवली होती. इतक्या वर्षांच्या बारांनी कान गेले होते. बायकोला, गुरम्माला, तेवढं ठाऊक. पाव्हणा काही बोलला की ती तेच मोठ्यानं परत म्हणे, जणू तिलाच नीट ऐकू आलं नाही. पण चांदमारीवर, गोळीबाराच्या मैदानात, गुरम्मा कुठली असायला?

त्या सकाळी चांदमारीवर शेजारी शिपायांचा रायफलींचा सराव चालू होता. अण्णांनी आधी एकेक गोळी झाडून पाहिली, मग खटका सलगवर टाकला. कार्बाइन हातात मऊ थरथरली, नळी फारशी उचललीच नाही. अण्णा खूश झाले.

गोळीबार चालू असल्याचं लाल निशाण लावलेलं होतं. पण गावची विहीर आटलेली, पाणी चांदमारीपल्याडच्या मळ्यात. बायांनी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाशेजारून जवळची वाट पाडली होती. तिथं कुणीतरी दिसलं तशी गोळीबार थांबवायची शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. बाकीच्यांचा गोळीबार थांबला, अण्णांचा चालूच. अखेर पंढरी शिपायानं मागून खांदा दाबला, तेव्हा घोड्यावरचं बोट सुटलं.

बांधाच्या टोकाला डोक्यावर घागर घेतलेली बाई थिजून उभी होती.

अण्णांनी मॅगझिन काढलं, हत्यार रिकामं असल्याची खात्री केली, ते खाली ठेवलं आणि तिच्याकडं धावले. ती गावातली कोंडाबाई. तिला काही लागलं नव्हतं.

ती अण्णांच्या तोंडाजवळ येऊन ओरडली, "हवालदार, शिट्टी मला हितवर ऐकू आली. तुमाला न्हाई आली का?"

"न्हाई आली, बाई."

हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. तसेच ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"कान काम करीत न्हाईत, साहेब. लई दिवस झाले."

"आणि आज सांगता? ती बाई मेली असती म्हणजे?"

साहेब कितीतरी वेळ बोलत होते. त्यातलं थोडंच अण्णांपर्यंत पोचलं, पण चेहरा वाचता येत होता.

घरी गुरम्मानं आधी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ द्या. जीव तर न्हाई गेला कुणाचा."

नोकरी राहिली. चांदमारी सुटली. अण्णा हत्यारखान्यात बसून नव्या शिपायांना कार्बाइन खोलायला, पुसायला, जोडायला शिकवू लागले. बाया पाणी भरून परतल्याशिवाय गोळीबार सुरू करायचा नाही, असं साहेबांनी ठरवून टाकलं, आणि वाटेवर लक्ष ठेवायला एक माणूस उभा राहू लागला.

पण नवं हत्यार आलं की अण्णा ते खांद्याला लावत, दाराबाहेरच्या कडुलिंबावर नेम धरत, आणि जरा वेळ तसेच उभे राहत.